तेराव्या बटणावरचं हसू

धाकटा भाऊ टाळ्या घेतो म्हणून थोरल्याच्या पोटात दुखू नये, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. तरी दुखायचं. चांगलं दहा वर्षं दुखत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. बँडवाल्यांचे अँप्लिफायर, मिक्सर, माइक दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे मास्तर म्हणत, इतकंच. घराच्याच वरच्या खोलीत दुकान. जिना चढून येणारा वादक दारातूनच बिघाडाची कहाणी सुरू करी आणि मास्तर म्हणत, "आधी ठेव तर खाली." एके काळी तेही बँडबरोबर गावोगाव फिरत. वाजवत काय, तर सॅम्पलर. जाडजूड करडा डबा, वर सोळा रबरी बटणं. कुठलाही आवाज पकडून त्यात भरायचा, कापूनकोपून एका बटणावर बसवायचा आणि मग बोटांनी ठेका धरायचा. मास्तरांनी उलट्या बादलीवरची थाप भरली होती, लोखंडी जिन्यावरून धावणारे पाय भरले होते, सायकलची घंटा भरली होती. तेराव्या बटणावर बायकोचं हसू होतं. लग्न नवं नवं असताना मास्तरांच्या हातून टेबलपंखा निसटून त्यांच्याच पायावर पडला, तेव्हा ती जे हसली ते. मास्तर कळवळले, पण रेकॉर्डिंग काही त्यांनी बंद केलं नाही.

मुलगी झाली आणि मास्तरांनी फिरणं सोडलं. डबा धाकट्याला दिला. "पडून राहण्यापेक्षा वापर," असं मोठ्या मनाने म्हणाले. मनात मात्र होतं, की दोन महिन्यांत गडी कंटाळेल आणि परत आणून देईल. गडी कंटाळला नाही. उलट चांगला नावारूपाला आला. आता तो भरल्या मैदानात तेरावं बटण दाबी आणि मास्तरांच्या बायकोच्या हसण्यावर परकी माणसं नाचत. मास्तरांच्या अंगाचा तिळपापड होई. आवाज कुणाचे? माझे. बायको कुणाची? माझी. आणि टाळ्या त्याला!

यंदा दौऱ्याच्या तोंडावर धाकट्याने डबा दुरुस्तीला आणला. दोन बटणं वाजत नव्हती.

"लॅपटॉप घे की आता," मास्तर म्हणाले. "असले शंभर डबे मावतात त्यात."

"घेतलाय ना. बॅगेत असतो," धाकटा म्हणाला. "पण दादा, तो ऐन गाण्यात विचारतो, अपडेट करू का? हा बिचारा काही विचारत नाही. उन्हात तापू दे, गाडीतून पडू दे, घामट बोटांनी बडवू दे, दाबला की वाजतो. बघावंसुद्धा लागत नाही, बोटांना सगळं पाठ आहे. लॅपटॉपमध्ये डोकं घालून वाजवलं की लोकांना वाटतं, हा अर्ज टाइप करतोय."

मास्तर हसले नाहीत. यातलं अर्धं त्यांनीच त्याला शिकवलं होतं आणि आता तो त्यांनाच ऐकवत होता.

दुपारपर्यंत बटणं दुरुस्त झाली. आतली पट्टी स्पिरिटने पुसली, झिजलेली रबरं बदलली. हा डबा मुळात विसराळू. वीज तुटली की पोटातलं सगळं साफ, आणि दर वेळी फ्लॉपीवरून पुन्हा भरायचं. तपासायला म्हणून मास्तरांनी धाकट्याने सोबत दिलेल्या तिन्ही फ्लॉप्या घालून आवाज चढवले, एक ठेका धरला, आणि मग बोटं थांबेचनात. संध्याकाळी त्यांनी धाकट्याला फोन केला.

"मुख्य बोर्ड गेलाय. आता काही होणं नाही."

इतकं धडधडीत खोटं ते कधी गिऱ्हाइकाशीसुद्धा बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी जिन्यावर पावलं वाजली तशी मास्तरांनी वाजवणं थांबवून डब्यावर घाईघाईने चादर टाकली. त्यांना वाटलं होतं, धाकटा हबकेल, गयावया करेल. तो म्हणाला, "असू दे. असाच एक जुना मित्राकडे पडून आहे. फक्त फ्लॉप्या दे." मास्तरांना त्या द्याव्या लागल्या. कोरी फ्लॉपी तर घरात औषधालाही नव्हती. म्हणजे आता मास्तरांपुरते ते आवाज त्या चालू डब्यात, प्लग निघेपर्यंत. बरं, डबा कॉम्प्युटरच्या यूपीएसवर जोडलेला होता, म्हणून वीज गेली तरी भीती नव्हती. आठ दिवस त्यांनी तो बंद केला नाही. बायको झाडू घेऊन आत आली की ते वायरीसमोर उभे राहत. आणि रोज दार लावून ते वाजवत, एकटेच.

नवव्या दिवशी धाकट्याचा फोन आला. "दादा, फ्लॉप्या उघडतच नाहीयेत. परवा कार्यक्रम आहे."

मास्तरांना आधी आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. "जादाच्या प्रती?"

"त्या गेल्या वर्षीच वाया गेल्या. जाऊ दे, लॅपटॉपवर दुसरे आवाज घेतो. बँडवाले कधीचे मागे लागलेत, नवीन काहीतरी कर म्हणून. तुला सांगावं म्हणून फोन केला."

दुसरे आवाज. इतकी वर्षं जळफळाट व्हायचा, पण त्या मैदानात निदान त्यांची बादली वाजायची, त्यांचा जिना वाजायचा. आता तेही संपणार होतं. मग ते फक्त माइक दुरुस्त करणारे मास्तर उरणार होते.

"डबा चालू आहे," ते म्हणाले. "बोर्ड गेला नव्हता."

"माहीत आहे."

"कसं?"

"फ्लॉप्या न्यायला आलो तेव्हा वहिनी खाली गेटपाशी भेटली, हातात भाजीची पिशवी. आणि त्याच वेळी वरून तिचंच हसू ऐकू येत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला हवा होता ना. म्हटलं, असू दे."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. इतका समजूतदारपणा त्यांना जन्मात कधी जमला नव्हता, आणि त्याचाही त्यांना हेवा वाटला.

प्लग काढायची सोय नव्हती. मास्तरांनी त्या यूपीएसलाच मोठी बॅटरी जोडली, त्यावर डबा चालू ठेवला आणि तो मांडीवर घेऊन पाच तास बसने गेले. यूपीएस सारखा पीं-पीं करत होता. शेजारच्या बाईंनी काळजीने विचारलं, "पेशंटचं मशीन आहे का हो?"

"हो," मास्तर म्हणाले.

दुपारी मैदान रिकामं असताना धाकटा म्हणाला, "तपासायला तूच वाजव." मास्तरांनी वाजवलं. एकही ठोका इकडचा तिकडे झाला नाही. बँडवाल्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या वायरी जोडत राहिले.

संध्याकाळी मास्तर पडद्याआड उभे होते, चूक पकडायला कान टवकारून. तीच बादली, तोच जिना. मग तेराव्या बटणाची वेळ आली. मास्तर ते हसू नेमकं ठोक्यावर टाकत, बरोब्बर. धाकट्याने टाकलंच नाही. बोट बटणावर नुसतं धरून ठेवलं. मैदान ताटकळलं. आता राहिलंच, असं वाटेपर्यंत त्याने थांबवलं, आणि मग दाबलं. सगळं मैदान खिदळलं. मास्तरही हसले, अगदी मोठ्याने, आणि चूक पकडायची राहूनच गेली.

दुसऱ्या दिवशी बायकोने दार उघडलं. "कसा झाला?"

"छान झाला. माझ्यापेक्षा छान वाजवतो तो."

"मग तोंड का असं पाडलंय?"

"म्हणूनच," मास्तर म्हणाले.