तीन गॅलन राखीव

रुबार्बच्या आंबट देठांचा पाक गाळून झाला होता, अकरा बाटल्या उकळून फडक्यावर उपड्या घातल्या होत्या, आणि नरसाळं जागेवर नव्हतं. शेगडीशेजारच्या खिळ्याला ते सव्वीस वर्षं टांगलेलं असतं. चार बाटल्या मी पळीनं कशाबशा भरल्या. निम्मा पाक ओट्यावर गेला. शेवटी हात पुसत बाहेर आले.

अंगणात आमची तपकिरी स्टेशन वॅगन उभी होती. तिच्या पेट्रोलच्या टाकीच्या तोंडात माझं नरसाळं, आणि माझा नवरा ऑर्लिन त्यातून मोजून मोजून पेट्रोल ओतत होता.

"ऑर्लिन, ते काय आहे?"

"नरसाळं," तो वर न बघता म्हणाला.

"कोणाचं?"

यावर त्यानं जरा विचार केला. "आपलं," म्हणाला.

परमेश्वरानं मला सहनशीलता द्यावी म्हणून मी रोज सकाळी प्रार्थना करते. ती ऐकली जाते असा माझा विश्वास आहे. फक्त ती मिळायच्या आधी दर वेळी परीक्षा होते.

ऑर्लिनबद्दल चार ओळी लिहायला हव्यात. अडतीस वर्षं तो टेलिफोन कंपनीत खांबांवर चढून तारा जोडत होता. साऱ्या तालुक्याचं बोलणं त्याच्या हातांखालून गेलं. स्वतःचं बोलणं मात्र त्यानं कोणासाठी राखून ठेवलंय, देवाला ठाऊक. लग्नाची मागणी घातली तेव्हा म्हणाला होता, "तुझी काही हरकत नसेल तर." लग्नाच्या दिवशी मला पांढऱ्या झग्यात पाहून म्हणाला, "वाईट नाही." आमची मुलगी सोन्या जन्मली तेव्हा त्यानं तिला हातात घेऊन खिडकीतल्या उजेडात नीट पाहिलं. मग म्हणाला, "अजिबात वाईट नाही." त्या दिवशी तो फारच वाहवत गेला होता, असं माझी सासू पुढं कित्येक वर्षं सांगायची.

तर ही वॅगन. तिच्या डॅशबोर्डवरचे काटे एकेक करून मेले. आधी इंजिनाच्या उष्णतेचा, मग पेट्रोलचा. जुने काटे आता कुठं मिळत नाहीत. ऑर्लिन अंदाजानं पेट्रोल भरायचा, आणि तीनदा गाडी भर रस्त्यात बंद पडली. तिसऱ्या वेळी गाडीत आमच्या देवळातले पाळक होते आणि आम्ही एका दफनविधीला निघालो होतो. पाळक झगा सावरत वाऱ्यातून पाऊण मैल चालत गेले. कबरीपाशी सगळे वेळेवर पोचले होते, मयतसुद्धा.

मग यंदाच्या हिवाळ्यात ऑर्लिननं ठरवलं, काटा मिळत नाही तर आपणच काहीतरी बनवायचं. जेवणाच्या टेबलावर तारा, चिप, टीचभर पडदा असा पसारा मांडला. माझ्या रविवारच्या टेबलक्लॉथला सोल्डरिंगचा वास बसला, तो तीनदा धुऊनही गेला नाही. जुन्या काट्याच्या भोकात पडदा बसवायला गोल चकती हवी होती, म्हणून माझा बिस्किटं कापायचा साचा गेला. कॉम्प्युटरवर एका बोटानं टकटक करत त्यानं चिपला शिकवलं. मार्चमध्ये मला हाक मारून त्यानं ते सुरू करून दाखवलं. हिरवा उजेड पडला आणि अक्षरं उमटली: "वाईट नाही."

"हे काय?"

"टाकी भरलेली आहे."

"मग तसं लिही ना! आकडे तरी घाल."

"आकडे म्हणजे फुशारकी वाटते," ऑर्लिन म्हणाला.

अर्धी टाकी म्हणजे "ठीकच आहे." पाव म्हणजे "चालेल अजून." आणि पेट्रोल तळाला गेलं की पडदा म्हणणार, "बघू." इंजिन उकळायला लागलं तर, "जरा गरम वाटतंय, नाही का?" मी डोक्याला हात लावला. नवरा एक होता, आता दोन झाले.

त्याच महिन्यात सोन्याला मुलगी झाली. नातीचा बाप्तिस्मा जूनमधल्या एका रविवारी, सोन्या राहते त्या फार्गो शहरात, सकाळी साडेदहाला. आमच्या घराण्यातलं प्रत्येक मूल ऑर्लिनच्या आईनं शिवलेल्या एकाच लांब झग्यात बाप्तिस्म्याला जातं, आणि तो झगा माझ्या कपाटात असतो. दीडशे मैलांवर तो वेळेत पोचवायचा होता. माझा धाकटा भाऊ वेन्डल शेजारच्याच शेतात राहतो. तो म्हणाला, "माझ्या नव्या गाडीतून चला की सगळे."

"आमची गाडी आहे," ऑर्लिन म्हणाला. त्याच्या मानानं हे भांडणच.

तेव्हा मी अट घातली. "वॅगननं जाऊ. पण झगा साडेदहाच्या आत देवळात पोचला नाही, तर सोमवारी ती वॅगन भंगारवाल्याकडे. कबूल?"

ऑर्लिननं तिच्या बॉनेटवर हात ठेवला. आम्ही सोन्याला हॉस्पिटलातून घरी आणलं ते याच गाडीतून. "कबूल," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी माझं नरसाळं खिळ्यावरून गेलं.

टाकी पूर्ण रिकामी करून तो एकेक गॅलन ओतत होता आणि दर गॅलनला पडद्यामागचा आकडा वहीत टिपत होता. टाकीत एक गोळा तरंगतो. तो जितका वर, तितकं पेट्रोल. वेन्डल पायरीवर कॉफी घेऊन बसला होता.

"गंमत आहे," ऑर्लिन म्हणाला. "पहिल्या तीन गॅलनला गोळा हललाच नाही. म्हणजे 'बघू' आलं तरी तळाला तीन गॅलन राखीव."

वेन्डलनं गाडीकडं बघितलं, अंगणाकडं बघितलं, पुन्हा गाडीकडं बघितलं. "हं," म्हणाला, आणि कॉफी प्यायला.

रविवारी पहाटे प्रार्थना करून आम्ही निघालो. झगा पातळ कागदात गुंडाळून माझ्या मांडीवर. नरसाळं मागच्या सीटवर, कारण ते परत खिळ्यावर लावायचं ऑर्लिन विसरला होता. अर्ध्या वाटेवर मी मागं बघितलं तर वेन्डलची गाडी.

"हा आपल्या मागंच आहे की."

"त्यालाही तिथंच जायचंय," ऑर्लिन म्हणाला.

"पण तो ताशी ऐंशीनं चालवतो. आज आपल्या मागं पंचावन्ननं का रांगतोय?"

फार्गो पस्तीस मैल असताना पडद्यानं रंग बदलला: "बघू." उजव्या हाताला पंप दिसत होता.

"भरून घे रे."

"तीन गॅलन आहेत, मार्लिस. पंचेचाळीस मैल जाईल."

"पडदा बघू म्हणतोय."

"तसं म्हणायला मीच शिकवलंय त्याला," ऑर्लिन म्हणाला आणि पंप मागं गेला.

त्यानंतर आठ मैलांवर वॅगन दोनदा खोकली आणि बीटच्या शेताकडेला उभी राहिली. दहाला वीस मिनिटं कमी होती. पडदा अजूनही शांतपणे "बघू" म्हणत होता.

वेन्डल मागं येऊन थांबला. डिकी उघडून त्यानं पेट्रोलचा डबा काढला. पाच गॅलनचा, काठोकाठ भरलेला.

"ऑर्लिन, थोडं पेट्रोल आहे माझ्याकडं. असंच पडलं होतं."

"नको रे, राहू दे. तुला लागेल."

"मला काय लागतंय? घे."

"नाही, नाही. तुझा खोळंबा कशाला? मी चालत जाऊन आणतो."

"बघ बाबा, मी आग्रह करणार नाही," वेन्डल म्हणाला आणि डबा खाली ठेवला.

आमच्याकडं कोणतीही गोष्ट तिसऱ्यांदा विचारल्यावरच घ्यायची असते. केकचा तुकडा असो की विहिरीत पडल्यावर दोर. दोघेही आता डब्याच्या दोन बाजूंना उभं राहून बीटच्या पिकाबद्दल बोलायला लागले. तिसरी खेप यायला दहा मिनिटं सहज लागली असती. मी पन्नास वर्षं ही रीत पाळली आहे. त्या दिवशी मी झगा सीटवर ठेवला, नरसाळं घेतलं आणि खाली उतरले.

"ऑर्लिन! आत्ता भर!"

माझा आवाज असा लागेल हे मलाच माहीत नव्हतं. शेतातली दोन बदकं उडाली. ऑर्लिननं मुकाट्यानं नरसाळं धरलं, मी डबा उचलला आणि ओतला.

"तुला कसं कळलं रे, पेट्रोल संपणार ते?" ओतता ओतता मी वेन्डलला विचारलं.

तो बुटाकडं बघायला लागला. "म्हणजे काय झालं, तुमचं अंगण आहे ना चढाचं..."

नदीला पूर येतो म्हणून आमचं घर भरावावर बांधलंय. चारी दिशांना तालुका ताटासारखा सपाट. चढ म्हणून जो काही आहे तो आमच्याच अंगणात. मोजताना गाडीचं नाक वर आणि शेपूट खाली. तीन गॅलन पेट्रोल टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसलं होतं आणि पुढचा गोळा कोरडाच राहिला. सपाट रस्त्यावर गोळा तळाला टेकला, म्हणजे टाकीत खरोखर घोटभरच उरलं होतं.

"हे तुला तेव्हाच कळलं?" मी विचारलं.

"मनात आलं होतं. पण म्हटलं, माणूस इतकं मन लावून काम करतोय, मधे कशाला बोला?"

"म्हणून तीन आठवडे गप्प बसलास, डबा भरलास आणि सव्वाशे मैल रांगत मागं आलास?"

"तसं इकडं यायचंच होतं मला," वेन्डल म्हणाला.

ऑर्लिननं नरसाळं टाकीच्या तोंडातून काढून झटकलं. "हं," म्हणाला. "चढ." त्याचे कान लाल झाले होते.

देवळात शिरलो तेव्हा दहा वाजून चोवीस मिनिटं झाली होती. सोन्यानं बाळाला झगा चढवला आणि लगेच नाक मुरडलं. "आई, याला पेट्रोलचा वास का येतोय?" माझ्या हातांचा होता तो. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं तरी बाळ रडलं नाही. झग्याची बाही हुंगत राहिलं. तिथल्या पाळकबाई नंतर म्हणाल्या, इतकं शांत मूल त्यांनी पाहिलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर ऑर्लिन माझ्याजवळ आला. हातात कॉफीचा कप, नजर त्या कपात. "सोमवारी किती वाजता नेऊ तिला? भंगारात."

थट्टा नव्हती. शब्द दिला होता आणि तो पाळायला माणूस तयार होता.

मी बोलायच्या आधी वेन्डलच बोलला. "मार्लिस, अट झग्याची होती ना? गाडी बंद पडण्याची नव्हती."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या भावानं कोणी न विचारता कोणाची चूक दाखवली होती. आणि खरंच होतं ते. सहा मिनिटं आधी पोचलो होतो. मी म्हटलं, "राहू दे तिला."

ऑर्लिननं एक घोट घेतला. "वाईट नाही," म्हणाला. कॉफीला म्हणाला असं वेन्डलला वाटलं.

काल ऑर्लिननं वॅगन आमच्या देवळाच्या सपाट आवारात नेऊन टाकी पुन्हा मोजली. या वेळी वेन्डल जमीन सपाट आहे का ते बघायची पाणसळ घेऊन आला होता, आणि कोणी विचारायच्या आधीच त्यानं ती चाकाशेजारी ठेवली. संध्याकाळी मला दाखवायला ऑर्लिननं गाडी दारात आणली. "वाईट नाही" तसंच आहे, "ठीकच आहे" पण तसंच. "बघू" मात्र त्यानं काढून टाकलंय. पेट्रोल तळाला गेलं की आता पडद्यावर मोठ्या अक्षरांत येतं: "ऑर्लिन! आत्ता भर!"

रुबार्बच्या सात बाटल्या अजून रिकाम्या आहेत. उद्या सकाळी ऑर्लिनला गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात जायचंय, नवं नरसाळं आणायला.