पाण्यावरचा आळ

परभणीहून जिंतूरची एसटी पकडली तेव्हा पिशवीत सूक्ष्मदर्शक होता आणि मनात एकच धास्ती. याही खेपेला विषाणू माझ्याआधी पोहोचले तर?

येलदरीच्या अलीकडे किसनरावांचे शेततळे आहे, खाऱ्या बोअरच्या पाण्याचे. काही वर्षांपूर्वी त्यातले मासे एकाएकी मेले. मी कॉलेजात शिकवत असे, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळांचा अभ्यास केलेला, म्हणून मला बोलावले. मी पोहोचेपर्यंत पाणी नितळ झाले होते. शेवाळ दिसेना, तेव्हा कुणीतरी विष कालवले असेल, असे मी बोलून गेलो. आळ आला शेजारच्या भीमरावांवर, बौद्धवाड्यातल्या माणसावर. त्यांनी सगळ्यांदेखत त्याच तळ्याचे पाणी ओंजळीने पिऊन दाखवले. लोक म्हणाले, उतारा घेऊन आला असेल.

समुद्रात हॅप्टोफाइट नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा बहर (भरमसाट वाढ) विषाणू थोड्या दिवसांत संपवतात, हे मला ठाऊक होते. इथेही शेवाळाने मासे मारले आणि मी पोहोचायच्या आत विषाणूंनी शेवाळ संपवले असणार, हे घरी परतल्यावर सुचले. मी गप्प बसलो.

आज सकाळी किसनरावांचा फोन आला. "सर, मासे पुन्हा वर तोंड काढायलेत. लोक भीमरावाचंच नाव घ्यायलेत."

झरीला एसटी पंक्चर झाली. भजी घेतली, ती हातातच गार झाली. माझ्या येरझाऱ्या पाहून कंडक्टरने विचारले, "काका, मयताला चाललाव का?"

"माशांच्या," मी म्हणालो. तो हसला.

जिंतूरच्या पुढे माळ आणि कापूस. मला मात्र ते पाणीच दिसत होते.

तळ्यावर पिवळट फेस होता. म्हणजे शेवाळ अजून होते. बघून जीव भांड्यात पडला आणि तसे वाटल्याची लाजही वाटली, कारण काठाशी मासे तडफडत होते. भोवती गर्दी, भीमराव बांधावर एकटे. मी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सोनेरी ठिपके वळवळत होते, प्रत्येकाला दोन शेपट्या आणि मध्ये आखूड दोरा, हॅप्टोफाइटची खूण. किसनरावांना दाखवले. सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, की हे शेवाळ माशांचे कल्ले निकामी करते, विष कुणी कालवलेले नाही, मागेही नव्हते; मीच चुकीचे बोललो.

किसनरावांनी डोळा सूक्ष्मदर्शकावरून काढला. "मग इतकी वर्षं का बोलला न्हाईत?"

मी काच पुसू लागलो. त्यांनी घरातून पाणी मागवले, तांब्या स्वतः भीमरावांपुढे धरला.

भीमराव म्हणाले, "राहू द्या. तुमचं पाणी मी तवाच पिलोय."

परतीच्या एसटीत खिडकीशी बसलो आहे. थोड्याच दिवसांत विषाणू आपले काम करतील, तळे पुन्हा नितळ होईल आणि तिथे काही होते, हे कुणाला खरे वाटणार नाही. म्हणून पाणी निवळायच्या आत हे लिहून टाकतो आहे.