ऑपरेशननं बिघडलेली बाई

पाठ धरली तेव्हा मी चाकणच्या एका कंपनीत होते. गाड्यांचे प्लास्टिकचे पार्ट तपासायचे, क्रेटमध्ये भरायचे आणि भरलेला क्रेट उचलून ट्रॉलीवर ठेवायचा, हे काम. पुढे कळ पाठीतून डाव्या पायात उतरली. पुनावळ्याहून कंपनीच्या बसनं जाताना खड्डा आला की मी पुढच्या सीटचा दांडा धरून अर्धवट उभी राहायचे. बरोबरच्या बायका आधी हसायच्या. नंतर हसेनाशा झाल्या.

एमआरआय काढला. मणक्यातली गादी सरकली होती आणि नस दबत होती. सर्जननं फिल्म दिव्यासमोर धरली आणि माझ्या नवऱ्याकडे बघून म्हणाला, "मिसेसचं ऑपरेशन करून घ्या. फार विचार करू नका."

मी तिथंच, एका अंगावर कलून बसले होते. विचारलं, "डॉक्टर, ऑपरेशननंतर दुखणं पूर्ण जाईल का?"

"यांना जरा समजावून सांगा," तो म्हणाला. तेही नवऱ्यालाच.

बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "मोठा डॉक्टर आहे. गर्दी असते त्यांच्याकडे."

"पाठ माझी आहे ना? मग माझ्याशी बोलायला काय झालं होतं त्याला?" मी रस्त्यावरच ओरडले. रिक्षावाला वळून बघायला लागला. बघू दे म्हटलं.

घरी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हत्या बाई कुणाच्या पाठी दुखत." परभणीहून जाऊबाईंचा फोन आला, कुठलं तरी तेल लाव म्हणून. कंपनीतला एचआर म्हणाला, "ऑपरेशन केलंत तर परत लाइनवर घेता येईल असं नाही. आणि नाही केलंत तर अशा रजा तरी किती देणार, मॅडम?" म्हणजे मी करायचं काय, हे विचारलं तर तो मोबाइलमध्ये बघायला लागला.

आणि प्रत्येकाकडे एकच गोष्ट होती. ताथवड्याच्या कुण्या बाईनं पाठीचं ऑपरेशन केलं आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. शेजारीण सांगायची, मेडिकलवाला सांगायचा, बसचा ड्रायव्हरसुद्धा सांगायचा. "तुम्ही पाहिलंय का तिला?" मी विचारायचे. कुणीच पाहिलं नव्हतं. ऐकून ऐकून मला मात्र त्या बाईची भीती बसली होती.

शेवटी बसमधल्या एका मुलीनं त्या बाईचं घर सांगितलं. रविवारी मी एकटीच गेले. नव्या बिल्डिंगांच्या मागे तिचं जुनं घर होतं. अंगणात एक उंच बाई दोरीवर चादरी वाळत घालत होती.

"पाठीचं ऑपरेशन झालेल्या बाई इथंच राहतात का?"

"मीच ती. काय काम हाय?"

मग मी सगळं सांगितलं. लोक काय म्हणतात तेही. तशी ती भडकली. हातातली ओली चादर तशीच दोरीवर फेकली.

"मी अंथरुणात हाय? कोन म्हनतं? एक मानूस दारात आला न्हाई कशी हायेस विचारायला! गावभर मला झोपवून बसले!"

तिनं आत नेऊन चहा केला. मग शांतपणे बोलली. "पायातली कळ गेली. शुद्धीवर आले तवाच गेली. पाठ अजून दुखती. वाकून झाडता येत न्हाई, लई वेळ बसवत न्हाई. समदं जाईल असं मी धरून चालले व्हते. जानार न्हाई, हे डॉक्टरनं सांगितलंच न्हाई. त्याचा राग हाय मला."

"मग मी करू का?"

"ते मी न्हाई सांगायची. डॉक्टरनं समदं सांगून मला ईचारलं असतं तरी मी केलंच असतं. पर ईचारून."

परत येताना माझं डोकं भणभणत होतं. तिच्या नावानं सगळ्यांनी मला घाबरवलं, आणि तिला एक शब्द विचारला नाही.

दुसऱ्या डॉक्टरकडे गेले तेव्हा नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." तो बसला. या डॉक्टरीणबाईंनी पाय तपासला आणि सरळ सांगितलं: पायाची कळ बहुतेक जाईल, पाठीची खात्री नाही. थांबलात तरी चालेल, पण पायातली ताकद जायला लागली तर थांबू नका.

मी थांबले. व्यायाम केले, पट्टा बांधला. मग एकदा बसमध्ये चढताना डाव्या पायातली चप्पल गळून पडली आणि मला ते कळलंच नाही. पाऊल वर उचलता येईना. त्याच आठवड्यात मी ऑपरेशन केलं. सही माझी मी केली.

पायाची कळ गेली. पाठ अजून दुखते, विशेषतः सकाळी. कामावर परत गेले तेव्हा एचआरला म्हटलं, "उचलायचं काम नको, बाकी सगळं करते. बसायला एक स्टूल द्या."

"एकीला दिलं तर सगळ्या मागतील."

"मागू द्या की! सगळ्यांच्या पाठी काय लोखंडाच्या आहेत?"

स्टूल मिळालं नाही. मी काम सोडलं. आता देहूरोडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बसून वायरी जोडते, मध्ये मध्ये उठून चार पावलं चालते. इथं कुणी अडवत नाही. तरी चाकणच्या त्या लाइनवर अजून बायका उभ्या राहून क्रेट उचलताहेत, हे आठवलं की माझं रक्त खवळतं.