मदतीचं टेबल

मास्तरांनी कुठल्याच शाळेत कधी शिकवलं नव्हतं. काहीही समजावताना तीनदा "कळलं?" विचारायचे, म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. आमच्या कंपनीनं गेम खेळायचं कन्सोल काढलं होतं. त्यासाठी गेम बनवणाऱ्या बाहेरच्या लोकांच्या अडचणी सोडवायला आमचं मदतीचं टेबल होतं. टेबल कसलं, जिन्याखालची खोली, चार खुर्च्या आणि चार फोन. माझी खुर्ची मास्तरांच्या शेजारी.

कन्सोल बाजारात सगळ्यांत ताकदवान होतं, यात खोटं काही नाही. मुख्य प्रोसेसरच्या हाताखाली सहा छोटे प्रोसेसर. पण त्या सहांना कामाचे तुकडे करून भरवावे लागायचे, हट्टी पोरांना घास भरवतात तसे. एकाचा घास चुकला की बाकीचे पाच खोळंबायचे. गेमवाले महिनाभर डोकं फोडायचे आणि मग दुसऱ्या कंपनीचं साधं कन्सोल धरायचे. दोन वर्षं झाली तरी दुकानात आमचे सगळे गेम एका फळीवर मावत होते.

मास्तरांचा धाकटा भाऊ मात्र टिकून होता. मास्तरांच्या शब्दावर नोकरी सोडून, दोन मित्रांना घेऊन, तो फक्त आमच्या कन्सोलसाठी गेम करत होता. रोज जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन यायचा. "दादा, चौथा परत अडकला रे!" की मास्तर डबा बाजूला सारून कोड सांगायला लागायचे, ओळीमागून ओळ. नियम असा की आम्ही अडचण समजवायची, कोड लिहून द्यायचा नाही. दिला तर त्या गेमचा परवाना रद्द. मला सगळं ऐकू यायचं. मी मान खाली घालून जेवायचे.

मग गेम का येत नाहीत, यावर बैठक बसली. मुख्य इंजिनिअर म्हणाले, "ताकद आपण दिली. त्यांना वापरता येत नाही, त्याला आपण काय करणार? नाचता येईना, अंगण वाकडं!"

सगळे हसले. मास्तर उभे राहिले. "साहेब, अंगण खरंच वाकडं आहे. आमच्या टेबलावर आणखी चार माणसं द्या. नीट शिकवलं तर कुणालाही जमेल."

"कुणाला जमलंय ते दाखवा की!"

मास्तरांनी भावाचा अर्धामुर्धा गेम लावला. वादळात सापडलेली बोट, एक लाट दुसरीसारखी नाही, आणि सहाच्या सहा प्रोसेसर राबताहेत. खुद्द इंजिनिअरसाहेबांनी आपल्या मशीनला असं चालताना पाहिलं नव्हतं.

"किती जणांनी केलंय हे?" संचालकबाईंनी विचारलं.

"तिघांनी."

"तुम्ही किती मदत केलीत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "इतरांना करतो तेवढीच."

बाई खूश झाल्या. "म्हणजे तीन माणसांना जवळजवळ आपलं आपण जमतं. मग चुकतंय ते बाकीच्यांचंच. टेबल हवंच कशाला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी उठून खरं सांगितलं असतं तर आमच्या चौघांच्या नोकऱ्या कदाचित वाचल्या असत्या, आणि त्या तिघांचा गेम तिथंच संपला असता. मी बसून राहिले. त्यात मोठेपणा काही नव्हता, तोंडच उघडलं नाही. मास्तरांचा मला तेव्हा भयंकर राग आला, अजूनही येतो.

शेवटच्या दिवशी, कन्सोलच्या आत काय चाललंय ते दाखवणारी यंत्रं सकाळीच उचलून नेली. फोन तेवढे उरले होते. सुट्टीत धाकट्याचा फोन आला. मास्तर खोक्यात वह्या भरत होते, म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"दादा, पाचवा आणि सहावा एकमेकांची वाट बघत बसतात. पुढं सरकतच नाही."

मास्तरांनी अंदाजानं एक उपाय सांगितला, मग दुसरा, मग तिसरा. एकही लागू पडला नाही. समोर काही दिसतच नव्हतं, तर करणार काय?

धाकटा म्हणाला, "दादा, रागावू नकोस, पण तू त्या बैठकीत नुसता भांडत बसलास. माझा गेम दाखवायचास ना! तो बघून टेबल बंद करायची कुणाची छाती झाली असती?"

मास्तर खोक्याकडे बघत म्हणाले, "हो रे. राहून गेलं."

तो गेम कधीच पुरा झाला नाही. धाकट्याला खरं काय ते मास्तरांनी सांगितलं नाही, आणि मीही नाही.