पाव्हणीची खुर्ची

बयनाबाईच्या ओसरीत एक लाल प्लास्टिकची खुर्ची आहे. तिच्यावर कुणी बसत नाही. बयनाबाईचे यजमान नागोरावसुद्धा नाहीत. ती हानाची.

हाना पोलंडची. बयनाबाईचा दीर रविकांत आदिलाबादला कॉलेजात शिकवतो, त्याने तिला आणलं. हानाला इकडची, तेलंगणाच्या सीमेवरची मराठी शिकायची होती. ती पुस्तकात सापडत नव्हती. कुणाच्या घरात राहूनच यायची. मुलगी सुनयना सासरी, मुलगा भारत हैदराबादेत, एक खोली रिकामीच होती. बयनाबाईने लगोलग बाजारहत्नूरहून खुर्ची आणवली.

बयनाबाई शाळेत चौथीपर्यंत गेली. पण दारात उभा राहिलेला माणूस बघून ती भाषा काढते. रेशनच्या दुकानात तेलुगू. उटनूरकडच्या बायांशी मोडकीतोडकी गोंडी. व्यापाऱ्याशी आणि परक्या माणसाशी हिंदी. मराठी घरच्यांना. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गावात सगळेच असं करतात.

म्हणून हानाशी सगळं घर हिंदीत बोललं. "बैठो बेटी, काम नक्को." "और एक रोटी लो." हानाने झाडू उचलला की बयनाबाई तो हातातून काढून घेई. हाना खुर्चीवर बसून राही. मांडीवर वही. वही कोरी.

दीड महिना गेला. एका गुरुवारी रविकांत आला. त्याने सांगितलं, हाना सोमवारच्या बसने निघणार. पुण्याला, मराठीच्या क्लासला.

बयनाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं. सुनयना गेल्यापासून घरात पोरीचा वावर नव्हता. आता कुठे दोरीवर ओढण्या वाळू लागल्या होत्या.

"काऊन जाऊन राह्यली ते? खाण्यात काई कमी पडलं का?"

"वयनी, तुमी तिच्याशी बोलतच नाई."

"मी बोलत नाई? दिवसभर तोंड चालू रायते माहं!"

"हिंदीत."

"मंग पाव्हण्याशी का मराठीत बोलू? बरं दिसते का?"

रविकांत हसला. बयनाबाई हसली नाही. शुक्रवारी तिने ठरवून प्रयत्न केला. चहा देताना "घे" म्हणायचं होतं. तोंडातून "लो बेटी" निघालं. हानाने कप घेतला. वर पाहिलं नाही.

शनिवारी कापूस वेचणीला दोन बाया आल्या नाहीत. हानाने आपली ओढणी कमरेला बांधून तिची ओटी केली आणि ती उंबऱ्यात उभी राहिली. बयनाबाई नको म्हणणार, तेवढ्यात नागोराव बोलले, "येऊ दे तिले. सोमवारी ते जाईनच."

हे "जाईनच" बयनाबाईला फार लागलं.

ऊन चढलं. बयनाबाई आपल्या ओळीत वाकलेली. सहज बाजूला पाहिलं, तर हानाची ओटी वाळक्या पाल्याने भरलेली. पांढऱ्याशुभ्र कापसात सगळा चुरा.

"अवं, असा येचतेत का कापूस? समदा पाला भरून ठेवला! डोये कुठी ठेवले? दीड महिना झाला घरात राहून, एवढंबी समजत नाई?"

बाकीच्या बाया जागच्या जागी थांबल्या. बयनाबाईने पदर तोंडावर धरला. पाव्हणीला बोलली ती. तेही पोटच्या पोरीला बोलावं तसं.

"माफ करो बेटी, वो..."

"हिंदी नको," हाना म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "पुन्हा बोल. हळू."

बयनाबाई पुन्हा बोलली. हळू. पाला दाखवला, बोंड दाखवलं, बोटं कशी घालायची ते दाखवलं. मग दोघी पाला निवडत बसल्या. सोमवारची बस हानाशिवाय गेली.

हाना पुढे आठ महिने राहिली. दूध उतू गेलं म्हणून बोलणी खाल्ली. उंबऱ्यावर बसली म्हणून खाल्ली. भाकर फाटली म्हणून तर रोज. बोलणी खाऊन झाली की वहीत लिहायची. खुर्चीवर ती त्या दिवसानंतर बसली नाही. चुलीजवळ बसायची.

ती पोलंडला परत गेली, याला दोन वर्षं झाली. वेचणी आली की बयनाबाईचं लक्ष बाजूच्या ओळीत जातं. तिथे आता दुसरी कोणी वाकलेली असते. तिचा कापूस स्वच्छ असतो. बयनाबाईला काही बोलता येत नाही.

गेल्या रविवारी दुपारी हानाचा व्हिडिओ कॉल आला. बयनाबाई खोकली.

"गोळी घेतली का?"

"घेईन वं. संपली हाय."

"संपली, मंग आणली काऊन नाई? भारतच्या बाबाले सांगता येत नाई? तोंड कुठी ठेवलं?"

बयनाबाईने फोन नागोरावांकडे वळवला आणि आवाज मोठा केला.

"आयका," ती म्हणाली. "आयका, कशी बोलून राह्यली मले."