न मागितलेली जागा

पुसेगावच्या अलीकडं ओढ्याकाठी एक गाव आहे. नाव सांगत नाही. त्या गावची माणसं अजून भेटतात आणि चहा पाजतात. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती, आणि नव्या जिल्ह्याला बक्षिसांची भारी हौस. स्वच्छतेची स्पर्धा लागली तशा गावोगाव भिंती चुन्यानं रंगल्या. ज्यांनी जन्मात झाडू हातात धरला नव्हता, त्यांचे झाडूसकट फोटो निघाले. या गावालाही तेच वारं लागलं आणि गावाला आपला धम्मानंद आठवला.

धम्मानंद खिल्लारे हा बौद्धवाड्यातल्या जळबाजींचा मुलगा. हिंगोलीत एका संस्थेत नोकरीला होता. संस्थेनं त्याला पुण्याला शिबिराला धाडलं, तिथून तो सुक्या कचऱ्याचं वेड घेऊन आला. लग्नाच्या मांडवात लोक जिलबीकडं बघत, हा जेवणानंतरचे प्लास्टिकचे पेले कुठं जातात याची चौकशी करायचा. बायको वैतागायची. पण त्याला कळत होतं, आणि कळत होतं ते खरंच होतं.

त्यानं गावासाठी केंद्र आखलं. कागद, काच, लोखंड आणि प्लास्टिक यांना वेगळे खण. पुढून माणसांनी यायचं, मागून गाडी लागायची. निवडणाऱ्या बायांना सावलीतला उंच ओटा, म्हणजे दिवसभर वाकून कंबर मोडायला नको. पाट्यांवर अक्षरांच्या जागी चित्रं. माल साठला की हिंगोलीचा भंगारवाला लालसिंग टेम्पो आणणार आणि त्यातून बायांची मजुरी निघणार. पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जागा. कचरा टाकायला म्हणून मुद्दाम कुणी वाट वाकडी करत नाही, तेव्हा माणूस रोज ज्या वाटेनं जातो त्याच वाटेवर केंद्र पाहिजे. अशी जागा गावात होती. पिठाच्या गिरणीशेजारी पंचायतीचा एक तुकडा रिकामा पडला होता. धम्मानंदनं तो मनात पक्का करून टाकला होता.

ग्रामसभा पारावर भरली. सरपंच अमृतराव, ज्यांचे वडील गावचे पाटील होते, त्यांनी धम्मानंदला खुर्ची दिली आणि झेंडूचा हार घातला. लहानपणी धम्मानंदनं या पाराकडं लांबून पाहिलं होतं. जळबाजी आजही पारावर आले नव्हते, कडेला लिंबाखाली उभे होते.

"बोला सर," अमृतराव म्हणाले, "जागा कोन्ती पाहिजे?"

"ओढ्याकडची," धम्मानंद म्हणाला. "आमच्या वाड्यामागची. तिथं कुणालाच तकलीफ न्हाई."

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्याच्या गळ्यावर कुणी पाय ठेवला नव्हता. पण त्यानं समोरच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली आणि त्याच्या मनात आलं, गिरणीजवळची मागितली आणि कुणी नाही म्हणालं तर? गळ्यात हार, समोर बाप, आणि वरून नकार. तो नकार गावानं द्यायच्या आधी यानंच स्वतःला देऊन टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जळबाजी मात्र सभा संपायच्या आधीच घरी गेले.

ती जागा म्हणजे काय, हे धम्मानंदला माहीत नव्हतं असं नाही. पूर्वी गावातलं मेलेलं जनावर ओढून तिथंच आणत. ओढायचं कुणी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षी पाटलाचा बैल मेला आणि सांगावा आला. तेव्हा मिसरूडही न फुटलेला जळबा पाटलाच्या दारात जाऊन म्हणाला, "आजपून आमी वढणार न्हाई." गावानं वाड्याला काम बंद केलं, दुकान बंद केलं. माणसांनी रानातली तरोट्याची भाजी उकडून दिवस काढले, पण दोराला कुणी हात लावला नाही. शेवटी गावच दमलं. तेव्हापासून ज्याचं जनावर त्यानंच शेतात पुरायचं, अशी रीत पडली. दर चौदा एप्रिलला धम्मानंद भाषणात ही गोष्ट सांगायचा आणि सांगताना त्याचा आवाज भरून यायचा.

केंद्र उभं राहिलं. देखणं झालं. आणि तिकडं कुणी फिरकेना. हातात पिशवी घेऊन ओढ्याच्या कडेनं बौद्धवाड्यामागं जायचं कुणी? जे येत ते लांबूनच भिरकावत. शिळं अन्न, फुटकी काच, लेकरांचे लंगोट, सगळा एकच काला. खण ओस आणि अंगणात ढीग. धम्मानंदची माय कमलबाई आणि वाड्यातल्या बाया नाक बांधून निवडत बसायच्या. पोराचं काम आहे म्हणून कमलबाई कुरकुरली नाही. वास घराघरात शिरला. जळबाजी पूर्वी मागच्या दारात बसायचे, ते पुढच्या दारात बसू लागले. धम्मानंदनं या सगळ्याचा अर्थ काय लावला, तर जनजागृती कमी पडली! पुण्याच्या शिबिरात हा शब्द फार चालायचा.

तपासणी समिती यायच्या आदल्या दिवशी अंगदचं वासरू मेलं. अंगद धनगराचा पोरगा, स्वभावानं गरीब. एरवी त्यानं शेतात खड्डा खणला असता. पण आता कचऱ्याचं केंद्र होतं, तेही त्याच जुन्या जागेवर. त्यानं वासरू बैलगाडीत घातलं आणि केंद्राच्या अंगणात आणून टाकलं. जाताना बायांना म्हणाला, "तेवढं बघून घ्या हं मावशी." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. गावाला जुनी सवय आठवायला वाईट मन लागलंच नाही. बायांनी नाकाचे पदर सोडले आणि उठून घरी गेल्या.

धम्मानंदला हिंगोलीत खबर लागली तसा त्यानं गिरणीतल्या फोनवर वडिलांना बोलावून घेतलं.

"बाबा, उद्या समिती येऊन राहिली. कसंबी करून ते तिथून हलवा."

"कुणी हलवावं?"

"कुणालाबी सांगा. न्हाईतर तुमी बघा. माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

तारेतून मागची गिरणीची घरघर ऐकू येत होती.

"बरं," जळबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं धम्मानंद आला. अंगण लख्ख होतं, वर चुना भुरभुरलेला. त्याला आनंद झाला. खरंच झाला, पुढं तो आनंद आठवला की त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटायचं. तसाच हसऱ्या तोंडानं तो घरी गेला. जळबाजी मोरीवर बसून अंगावर पाणी घेत होते. तांब्या उचलताना तळव्यांची सालटं निघालेली दिसली.

"काय झालं हाताला?"

चुलीपाशी बसलेली कमलबाई बोलली.

"तुझ्या बापानं वासरू वढलं, पार वढ्यापल्याड. काल, दिवसाउजेडी, समद्या गावादेखत. दोर अंगदच्या घरून मागून आणला. अंगद म्हनला, काका, मी वढतो. तर म्हने न्हाई, माझ्या पोराच्या इज्जतीचा सवाल हाय. कालपून तिसऱ्यांदा आंघोळ करून राहिला मानूस."

धम्मानंद उंबऱ्यातच खाली बसला. त्याला वाटलं भुई फाटावी, पण भुई अशी मागितल्यावर फाटत नाही. आपण जन्मभर ज्या नकारावर भाषणं केली, तो नकार आपणच एका फोनवर मोडून घेतला. आपण शेण खाल्लं, आणि तोंड बापाचं बरबटलं. एवढं सगळं एकदम त्याच्या अंगावर आलं.

समिती आली. साहेबांनी खण पाहिले, पाट्या पाहिल्या, खूष झाले. "जागा कुणी निवडली?" त्यांनी विचारलं.

"सरांनीच," अमृतराव अभिमानानं म्हणाले. "आमच्या गावचं भूषण हायेत."

"जागा चुकली साहेब," धम्मानंद म्हणाला. "मला गिरणीजवळची पाहिजे व्हती. मागायची हिंमत झाली न्हाई. मेलेलं जनावर वढायच्या जागी मी गावाला कचरा टाकायला लावला. आन काल माझ्या बापाला तिथं वासरू वढावं लागलं, माझ्या सांगण्यावरून."

साहेब पाटीवरची चित्रं पुन्हा निरखू लागले. गावकऱ्यांनी माना खाली घातल्या. अंगद तर मागच्या मागं निघूनच गेला. अमृतराव पुढं झाले. मग म्हणाले, "मंग तवाच मागायची ना सर. कोन न्हाई म्हनलं असतं?"

ते मनापासून म्हणाले की चारचौघांत लाज राखायला म्हणाले, हे आता कधीच कळणार नव्हतं. धम्मानंदला सगळ्यात जास्त तेच लागलं. गाव त्या दिवशी नाही म्हणालं असतं तर निदान दोष गावाचा झाला असता. गावाला विचारलंच नव्हतं.

दिवाळीच्या आत केंद्र गिरणीशेजारी गेलं आणि बघता बघता चालू लागलं. बाया डोक्यावर ज्वारीचा डबा आणि हातात पिशवी घेऊन येत. दळण होईपर्यंत गप्पा मारत, आणि गप्पांच्या ओघात काच काचेच्या खणात पडायची, कागद कागदाच्या. ओलं आणलं की कमलबाई ओट्यावरून अशी ओरडायची की पाटलाची सूनसुद्धा परत न्यायची. लालसिंगचा टेम्पो मागच्या दाराला लागू लागला. कळमनुरीकडची माणसं बघायला आली आणि धम्मानंदची पाठ थोपटून गेली. पाठीवर हात पडला की तो अंग चोरायचा. लोकांना वाटायचं, विनयशील आहे.

बापाशी बोलायला त्याला संक्रांत उजाडली. जळबाजी पुढच्या दारात उन्हाला बसले होते. तो शेजारी टेकला.

"बाबा, माझं चुकलं."

"चुकलंच."

"तुमी न्हाई काहून म्हनला न्हाईत? शिव्या द्यायच्या व्हत्या मला फोनवर."

जळबाजींनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. सालटं कधीचीच भरून आली होती.

"तेच इचारून राहिलो मी सवताला. पाटलाला न्हाई म्हनलो तवा वाड्यातली मानसं म्हनली, जळबा भीत न्हाई कुणाला. मलाबी तसंच वाटायचं." त्यांनी तळवे मिटले. "पाटलाला म्हनता आलं रे. तुला न्हाई म्हनायला जमलं न्हाई."