वर्गातली झोळी

धुळ्याला ट्रेनिंग संपवून मी पारोळ्याजवळच्या एका खेड्यातल्या बोर्डाच्या शाळेत रुजू झालो, तेव्हा शिकवणं आपल्याला येतं असा माझा समज होता. पाठाचे टप्पे तोंडपाठ होते. ते मी हेडमास्तरांना म्हणून दाखवले. सारा गाव त्यांना नाना म्हणे. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मूल रडायला लागलं तर?"

"शिक्षा न करता समजूत घालावी."

"सहा महिन्यांचं आहे," नाना म्हणाले.

ते मूल तिसरीच्या वर्गातच होतं, आढ्याला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत. त्याची बहीण एका हातात झोळीची दोरी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरून बसे. वर्गात मुलगी अशी ती एकटीच, आणि गणितात सगळ्या मुलांच्या पुढे. कापूस वेचणी लागली तेव्हा बापानं तिला घरी बसवलं होतं. नाना विचारायला गेले तर तो म्हणाला, "आम्ही बठ्ठा वावरमा जातस. धाकलाले देखाले कोन शे?" नानांनी त्याला शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाही. ते घरी गेले आणि बायकोचं जुनं लुगडं घेऊन शाळेत आले.

मला त्यांनी पहिला धडा दिला तो झोळी हलवण्याचा. बहीण फळ्यापाशी गेली की दोरी मी ओढायची. झोका पाढ्यांच्या चालीवर द्यायचा, नाहीतर पोर जागं होतं. ट्रेनिंगला हा विषय नव्हता. हळूहळू मला तो जमू लागला, तेव्हा नाना म्हणाले, "आता इतर विषय घ्यायलाही हरकत नाही."

मग ऐन वेचणीत तपासणीला डेप्युटी साहेब आले. मुलीनं दोरी ओढत ओढत त्रैराशिक सोडवलं. साहेबांनी उत्तर पाहून मान डोलावली आणि आढ्याकडे बोट केलं. "शाळेत पाळणा चालणार नाही."

"जी साहेब," नाना म्हणाले, आणि स्वतः स्टुलावर चढून त्यांनी गाठ सोडली. मला त्यांचा भयंकर राग आला. एवढा मुरलेला माणूस, एक शब्द बोलू नये?

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. मी तिसरीला पाढे म्हणायला लावले, पण माझं सगळं लक्ष दाराकडे होतं. रडू येईल असं वाटत होतं, आणि ट्रेनिंग झालेल्या माणसाला ते शोभलं नसतं.

नाना काखेत लुगडं घेऊन आत आले. "मास्तर, फळा उतरवा."

"कशाला?"

"साहेब म्हणाले, शाळेत पाळणा नको. पाळण्यापाशी शाळा नको, असं काही ते म्हणाले नाहीत."

फळ्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. मागून सगळी तिसरी माना खाली घालून पाट्या घेऊन निघाली. गल्लीत एका म्हातारीनं कोण गेलं म्हणून चौकशी केली.

मुलगी भावाला कडेवर घेऊन ओट्यावर उभी होती. डोळे सुजले होते. आम्ही फळा भिंतीला टेकवला तरी ती जागची हलेना. मग तिनं नानांकडे पाहिलं, भावाला माझ्या हातांत कोंबलं आणि पाटी आणायला आत धावली.